निळं म्हणजे गार? चित्रेला विचारा

मोबाईलचा स्क्रीन ‘वॉर्म’ केला की पिवळट होतो, ‘कूल’ केला की निळसर. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, निळं म्हणजे गार. खरं तर उलटं आहे. आपल्या पलूसशेजारची किर्लोस्करवाडी १९१० सालची. तिथं किंवा कुठंही ओतकाम करणाऱ्याला विचारा: लोखंड तापताना आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं. निळं व्हायच्या आधीच त्याची वाफ होईल. तारे मात्र तिथवर पोचतात.

एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या दिवसांत, रात्री दहाला बाहेर या. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक तसाच पुढं ओढत न्या. आधी नारिंगी स्वाती लागते, त्याच वळणावर पुढं निळसर पांढरी चित्रा. चैत्र हे नाव हिच्यावरूनच आलं. हनुमान जयंतीच्या रात्री चंद्र हिच्याच आसपास असतो.

आता आकडे. डोळ्यांना स्वाती जास्त ठळक दिसते. आकारानंही तीच मोठी, सूर्याच्या सुमारे २५ पट रुंद. चित्रा साडेसात पट. पण स्वाती सूर्याच्या साधारण १७० पट ऊर्जा फेकते आणि चित्रा तब्बल २० हजार पट!

कारण तापमान. स्वातीचा पृष्ठभाग ४,३०० केल्विन, सूर्याचा ५,८००, चित्रेचा २५ हजार. तापमान दुप्पट झालं की तेवढ्याच जागेतून १६ पट ऊर्जा निघते. चौथ्या घाताचा नियम आहे हा. चित्रा सूर्याच्या सव्वाचार-साडेचार पट गरम, म्हणून तिचा एकेक चौरस मीटर साडेतीनशे पटींहून जास्त ओततो. मग ती फिकी का? एक तर ती २५० प्रकाशवर्षांवर आहे, स्वाती फक्त ३७ वर. दुसरं म्हणजे तिचा बहुतांश प्रकाश अतिनील आहे, डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसतो तो उरलासुरला.

आणि ती एकटी नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं. दोन गरम तारे चार दिवसांत एकमेकांभोवती चक्कर मारतात. मधलं अंतर दोन कोटी किलोमीटरहूनही कमी. बुध सूर्यापासून याच्या तिप्पट लांब आहे. इतक्या जवळ असल्यानं एकमेकांच्या ओढीनं दोघेही अंड्यासारखे लांबट झालेत. दुर्बिणीतूनही ते वेगळे दिसत नाहीत. प्रकाशाचं पृथक्करण केलं, तेव्हा कळलं.

मोठ्या ताऱ्याकडं सूर्याच्या सुमारे अकरा पट वस्तुमान आहे, पण खर्च वीस हजार पट. त्यामुळं सूर्याला हजार कोटी वर्षं, तर याला जेमतेम दोन-अडीच कोटी. शेवटी बहुधा सुपरनोव्हा. एवढ्या अंतरावरून आपल्याला धोका नाही.

रंग नीट दिसत नसेल तर फोनच्या प्रो मोडमध्ये फोकस जरा बिघडवून दोघींचे फोटो काढा, आणि पाठवा.