नातवासह नॉर्वेचा बेत



दूरदेशीच्या प्रवासाच्या तयारीविषयी बोलण्याची आज्ञा झाली आहे. आम्ही स्वतः अद्याप परदेशी गेलेलो नाही. येत्या जूनमध्ये पंधरा वर्षांच्या नातवासह नॉर्वेला निघावयाचे आहे.

वाळत्या बोंबलांच्या वासाने नाक मुरडणारा हा मुलगा. त्यानेच एकदा लोफोटेन बेटांचे छायाचित्र आणून दाखविले. लाकडी मांडवांवर कॉड मासे जोडीजोडीने टांगलेले! आपण बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवितो, ते शेपटीला शेपटी बांधतात. मीठ तेथेही नाही. आपला मासा उन्हाने वाळतो, त्यांचा थंड वाऱ्याने. "आजोबा, हे तर आपल्यासारखेच," तो म्हणाला, आणि आम्ही जावयाचे ठरविले.

बेत त्याच्यावरच सोपविला. नॉर्वे युरोपीय संघात नसूनही शेंगेन व्हिसा लागतो, विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, बारा वर्षांपुढे शुल्क पूर्ण पडते, हे त्यानेच शोधले. त्याच्या पासपोर्टास आईबाप दोघांची संमती लागली. चिरंजीव बोटीवर, सहीसाठी आठ दिवस थांबलो.

वाद झाला तो महिन्यावरून. मासा टांगलेला असतो फेब्रुवारी ते मे. आणि १ जूनला मासेमारी बंद झाल्याखेरीज चिरंजिवांस सवड नाही. "एप्रिलात आपण दोघेच जाऊ," नातू म्हणाला. आम्ही नकार दिला. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्याने जूनचाच कागद पुढे केला: मांडव रिकामे दिसले तरी चालतील, बाबांना मध्यरात्रीचा सूर्य दाखवू.