आगगाडीचा खेळ आणि मुलींचे हात

(दवनीवाडा, जि. गोंदिया येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणी तोंडाला पदर लावून हसल्या. हसणे साहजिक आहे. मेळाव्यात दारू, रेशन, मारहाण, सातबाऱ्यावरचे नाव या गोष्टी बोलायच्या. तिथे खेळण्यातली आगगाडी कुठून आली? पण थोडा धीर धरा. आपल्या हाताला काय येते आणि काय येऊ दिले जात नाही, हा प्रश्न सातबाऱ्याइतकाच जुना आहे. त्याची सुरुवात लग्नात होत नाही. ती अंगणात, खेळताना होते.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. एका मोठ्या खोलीत लहानसे शहर मांडले आहे. त्यात रूळ, सिग्नल, पूल, दिवे आहेत आणि गाड्या खरोखर धावतात. पाहणारी मोठी माणसेही लहान होतात. ज्यांना बालपणी असे काही मिळाले, ते त्या आठवणीने हळवे होतात.

या छंदाचा हिशेब सोपा आहे. जगात बहुतेक ठिकाणी एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण धरतात. म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान करायची. पाच फूट उंचीची बाई या गावात पावणेदोन सेंटिमीटरची होते. आपल्या गोंदियाहून जी छोटी लाइन जायची, तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. सत्त्याऐंशीने भागले की जेमतेम नऊ मिलिमीटर उरतात, करंगळीच्या नखाएवढे. हा भागाकार आपल्यापैकी कुणालाही जमेल. धान मोजणाऱ्या, हजारावर विड्या मोजणाऱ्या बाईला तर नक्कीच जमेल.

मग हा छंद बायकांचा का झाला नाही?

थोडा इतिहास सांगते. इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोके पाडलेल्या पट्ट्या, नट आणि बोल्ट यांच्या खेळाचे पेटंट घेतले. पुढे तो खेळ ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेला. १९२० मध्ये त्यांच्या कारखान्याने चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. या खेळांच्या जाहिराती मुलग्यांना उद्देशून असत आणि पेट्यांच्या झाकणांवर मुलगेच दिसत. आपल्याकडेही शहरातल्या बऱ्या परिस्थितीच्या घरांत मेकॅनो आला तो मुलाच्या वाढदिवसाला. बहिणीने फार तर हरवलेला नट पलंगाखालून शोधून द्यायचा.

बालपणीच्या या छंदांबद्दल पुरुष प्रेमाने बोलतात, लिहितात. त्यांच्या आठवणी खोट्या नाहीत, त्यातला आनंदही खरा आहे. पण त्या आठवणी ऐकताना आपण चार गोष्टी विचारायला हव्यात. पैसा कुणाचा होता? जागा कुणाची होती? वेळ कुठून आला? आणि बिघडवायची परवानगी कुणी दिली?

पैसा आणि जागा समजायला सोपी आहेत. पैसा नसेल तर मुलगाही या खेळापासून लांबच राहिला. दवनीवाड्याच्या कुठल्या मजुराच्या घरात चावीची आगगाडी आली असेल? तेव्हा हा भेद फक्त बाई-पुरुषाचा नाही, गरीब-श्रीमंताचा आणि जातीचाही आहे. हे विसरून बोललो तर अर्धेच बोललो.

वेळेचे तसे नाही. गरिबाच्या घरातही मुलाला वेळ असतो, मुलीला नसतो. मुलगा दुपारभर काड्यापेट्यांची गाडी जुळवत बसू शकतो, कारण पाणी त्याची बहीण भरते आणि धाकट्याला कडेवर तीच घेते. त्याच्या छंदाचे तास तिच्या कामाच्या तासांतून कापलेले असतात. घड्याळ एकच असते.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही बनवायचे तर आधी काही बिघडवावे लागते. घड्याळ उघडावे लागते, रेडिओची तार तुटते, खिळा वाकडा जातो. मुलाने हे केले तर बाप रागावतो, पण रागावता रागावता शेजाऱ्याला सांगतो, ‘पोरगा इंजिनिअर होते वाटते.’ मुलीची भाकर करपली तर कुणी म्हणत नाही की पोरगी प्रयोग करत आहे. तिला ऐकावे लागते, ‘सासरी काय नाव काढशील?’ मुलाची चूक शिकण्यात जमा होते, मुलीची चूक अब्रूत. ज्या हाताला चुकायची मुभा नाही, तो हात नवीन वस्तूला हात लावायला घाबरतो. पुढे मोटारपंप बंद पडला तरी ती मिस्त्रीची वाट पाहते. लोक म्हणतात, बायांना यंत्रातले कळत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. छोट्या वस्तू बनवण्याचा छंद इंग्लंडातून यावा लागला असे नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरे लाकडाचे नंदी सजवतात, घरोघर नेतात, बोजारा मिळतो. लाकडी बैल म्हणजे खऱ्या बैलाचे छोटे रूपच. आमच्या अंगणात ते चाकांवर पळते. आणि मुलींचे काय? भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. मातीचे भुलोजी-भुलाबाई, गाणी, खिरापत. दोन्ही सण गोड आहेत. पण नीट पाहा. मुलाच्या हाती आले ते औत ओढणारे जनावर आणि चाक. मुलीच्या हाती आली सासर-माहेरची गाणी. मुलगा बैल घेऊन गावभर फिरतो आणि पैसे आणतो. मुलगी पाटासमोर गोल बसून सासूचे गाऱ्हाणे गाते. आता अनेक गावांत मुलीही नंदी घेऊन निघतात, आणि कुणाचे काही बिघडत नाही. सण तोच राहतो, मोठा होतो.

भातुकलीचेही तसेच. मातीची चूल, इवली मडकी, पानाची भाकर हे सगळे घराचे छोटे रूप आहे. त्यात प्रमाण आहे, नजर आहे, हाताची सफाई आहे. पण त्याला कुणी छंद म्हणत नाही. बारा-तेराव्या वर्षी खेळण्यातली चूल काढून घेतात आणि खरी चूल देतात. मुलाचा खेळ वाढून धंदा होऊ शकतो, मुलीचा खेळ वाढून बिनपगारी काम होते.

आणि विडी? आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात कितीतरी घरांत आईच्या मांडीशी बसून मुली विडी शिकल्या. पत्र्याचा साचा तेंदूच्या पानावर ठेवायचा, कात्रीने नेमके कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, तोंड मोडायचे, दोरा बांधायचा. हजार वेळा तेच माप, तीच जाडी. छोट्या आगगाडीचा डबा बनवणाऱ्याला जी अचूकता लागते तीच ही. फरक एवढाच की त्याच्या अचूकतेचे कौतुक होते आणि हिच्या विडीची छाट होते. हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या बोटांत कारागिरी आहे, हे तिला स्वतःलाही कुणी सांगितलेले नसते.

शाळेने हे बदलायला हवे होते. कागदावर बदललेही. मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हे पाहण्यासाठी १९६२ मध्ये हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुलगा-मुलगी म्हणून विषय वेगळे करू नयेत, असे तिने सांगितले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणात कार्यानुभव आणला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर स्पष्ट म्हटले की, धंदेशिक्षणातले स्त्री-पुरुष साचे मोडायचे आणि रूढ नसलेल्या कामांत स्त्रियांना आणायचे. पण प्रत्यक्ष वर्गात काय झाले, ते तुम्हीच आठवा. कार्यानुभवाच्या तासाला मुलींच्या हाती सुईदोरा आणि मुलांच्या हाती हातोडी. विज्ञान प्रदर्शनात धरणाचे मॉडेल मुलांनी करायचे, आणि मुलींनी टेबलावर रांगोळी काढून पाहुण्यांना माहिती सांगायची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघेही भाजी निवडताना दाखवले, तेव्हा केवढी चर्चा झाली! एका चित्राने एवढी खळबळ होते, यावरून साचा किती घट्ट बसला आहे ते कळते.

तरीही साचा मोडणाऱ्या बाया झाल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विजेची पदविका घेतली आणि १९८९ मध्ये त्या रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. भारतातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. ज्या खेळाच्या झाकणावर मुलीचे चित्र नव्हते, त्या खेळातली खरी गाडी बाईने घाटातून चालवली. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात गावातल्या बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या अनेकींना तेव्हा वाचता येत नव्हते. पाना धरता येत होता, ते पुरले.

पैसा नाही म्हणून थांबायचे कारण नाही, हे अरविंद गुप्ता यांनी दाखवले. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला होता. मोटार कारखान्यात इंजिनिअर असलेले गुप्ता तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरे बनवली. दोन काड्या आणि रबराची एक नळी एवढाच खर्च. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाला आणि छपराला त्रिकोण का लागतात, हे मूल हाताने शिकते. ही आगपेटी तर प्रत्येकीच्या चुलीपाशी आहे.

आता आपल्या छोट्या लाइनीकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर आणि पुढे जबलपूरकडे ती टाकली. गोंदिया-बालाघाट भाग आधी मोठा झाला. २०१५ मध्ये नैनपूर-जबलपूर भागावरची छोटी गाडीही थांबली. नागपूर-नागभीड लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. आता नागपूरला मोतीबागेत २००२ पासून असलेल्या संग्रहालयात जुनी इंजिने पाहायला मिळतात. रेल्वेचे शौकीन येतात, इंजिनाचा नंबर आणि बनावटीचे साल सांगतात. ते जपायलाच हवे.

पण त्या गाडीत बायाही होत्या. मोळी घेऊन चढणाऱ्या, बाजाराला टोपली घेऊन जाणाऱ्या, लेकराला पोटाशी धरून माहेरी निघालेल्या. रुळाखालची माती आणि गिट्टी टोपल्यांनी वाहणाऱ्या. छोट्या लाइनीचे छोटे रूप कुणी केले तर या बाया त्यात असतील का? पावणेदोन सेंटिमीटरच्या का होईना! जो बनवतो तो ठरवतो काय दाखवायचे. म्हणून बनवणारे हात आपले असले पाहिजेत.

तेव्हा चार कामे सांगते, ती आपल्या गटांनी घ्यावीत.

एक. येत्या शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलींच्या गटाने छोट्या लाइनीचे मॉडेल करावे. काड्यापेट्या, पुठ्ठा, तणस, बांबूच्या काड्या, औषधाच्या बाटल्यांची झाकणे. त्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना आणि म्हाताऱ्या आयांना विचारून लिहून घ्यावे: गाडीत काय नेत होता, तिकीट काढत होता का, कुठे उतरत होता. म्हातारी माणसे गेली की हे कुणी सांगणार नाही.

दोन. प्रत्येक बचतगटाने एक हत्यारपेटी घ्यावी. हातोडी, पक्कड, पेचकस, पाना, करवत, टेप. ती कुणाच्या नवऱ्याच्या नावाने नको, गटाच्या नावाने असावी. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मान्य केला. पण सुताराची वाकस, पटाशी आणि रंधा आजही न बोलता मुलाकडेच जातात. शेतीचा हिस्सा मागताना बापाच्या पेटीतला हिस्साही मागा.

तीन. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यातल्या ज्या आया आहेत, त्यांनी कार्यानुभवाचा तास स्वतः जाऊन पाहावा. मुलांना सुई आणि मुलींना हातोडी, दोघांना दोन्ही. आयटीआयच्या फॉर्मच्या वेळी मुलीसाठी फक्त शिवणकामावर खूण करू नये. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर हे रकाने तिलाही वाचून दाखवावेत.

चार. हे घरी करायचे आहे आणि तेच सर्वांत अवघड आहे. मुलगी काही उघडून, मोडून बसली तर आठवडाभर तिला रागावू नका. कुणी म्हणेल, ‘पोरीच्या जातीले कायले पायजे हातोडी?’ तेव्हा उलट विचारा, ‘पोराच्या जातीले कोणं लिहून देली?’ आणि तिच्या वाटचे पाणी त्या दिवशी भावाला भरायला सांगा. वेळ दिल्याशिवाय छंद होत नाही, आणि चुकू दिल्याशिवाय हुशारी येत नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने सांगायचे आहे: पेटी घेतली का, आणि पहिला खिळा कुणी ठोकला.