परसातील तळे का आटते?

मार्च सरत आला की चिखलीसारख्या गावी परसातील लहानशा तळ्याचा काठ दिवसेंदिवस उघडा पडू लागतो. दोन दिवसांत पाणी आडव्या बोटाइतके खाली गेलेले पाहून घरधन्याच्या मनात पहिला संशय येतो तो गवंड्याचा आणि दुसरा शेजारच्या निंबाच्या मुळांचा. मग तळे उपसले जाते, मासे घंगाळात जातात, नवा गिलावा बसतो. आणि तळे पुन्हा भरल्यावर पाणी पूर्वीच्याच गतीने उतरू लागते. ज्या दिवसांत घागरभर पाण्याचेही मोल असते, त्या दिवसांत हौदभर पाणी केवळ तर्कापायी ओतून द्यावे, ही खेदाचीच गोष्ट होय. वास्तविक हा निवाडा करण्यास एक बादली पुरेशी आहे.

पाणी एकतर वर जाते, नाहीतर खाली. वैदर्भीय उन्हाळ्यात उघड्या पाण्याची दररोज सुमारे 1 सेंटिमीटर वाफ होणे स्वाभाविक आहे. तळे 3 मीटर लांब व 2 मीटर रुंद असेल, तर तेवढ्यानेच दिवसाला 60 लिटर पाणी उडून जाते. कारंजे चालू असल्यास अधिकच.

बादलीत तळ्याचेच पाणी घ्यावे, तळाशी एक धोंडा ठेवावा आणि ती पायरीवर अशी बसवावी की तिचा काठ तेवढा पाण्याबाहेर राहील. आतील व बाहेरील पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करावी. कारंजे बंद ठेवावे, पाणी काढू अथवा घालू नये, आणि 24 तासांनी पाहावे. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या, तर गवंडी निर्दोष. बादलीतील पाणी 8 मिलिमीटर व तळ्याचे 12 उतरले, तर 4 मिलिमीटरची गळती आहे. चिमण्यांचा हिशेब धरण्याचे कारण नाही. मात्र तहानलेला कावळा बादलीवर बसू देऊ नये, कारण लहान भांड्यात घोटभर पाण्यानेही फरक पडतो.

गळती ठरली, तरी लगेच उपसण्याची घाई नको. प्रथम काठ पाहावा. काठावरची माती किंवा हिरवळ पाण्यास टेकली असेल, तर समईची वात तेल ओढते तसे ती पाणी ओढीत राहते. तसे नसल्यास पाणी आपोआप उतरू द्यावे. ज्या पातळीवर त्याची गती एकदम मंदावते, तेथेच भोवताली फट शोधावी. नळाचा सांधा आधी तपासावा. संशयित जागी, पाणी स्थिर असता, दुधाचे चार थेंब सोडले की त्यांचा पांढरा धागा फटीकडे ओढला जातो.

काळ्या मातीचा स्वभावही येथे ध्यानी घेतला पाहिजे. ती भिजली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते. सिमेंटचे तळे थेट तिच्यावर बसविल्यास तिच्या या हालचालीने तडकते. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम दाबून भरावा. मातीचे तळे मात्र कोरडे पडू देऊ नये. भेगाळलेल्या तळातून पहिले पाणी झरझर जाते, आणि माती पुन्हा फुगल्यावरच भेगा मिटतात.

केवळ वाफेने पाणी गेले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर याच जिल्ह्यातील लोणारकडे पाहावे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात झरे व पाऊस पाणी आणतात. बाहेर वाहून जाण्यास ओढा नाही. पाणी उडते, क्षार उरतात, आणि सरोवर खारट राहते. जून 2020 मध्ये पाणी कमी होऊन क्षार वाढले, तेव्हा ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत आढळले.

परसातही थोड्या प्रमाणात हेच घडते. उन्हाळाभर वरून भर घातलेल्या, न गळणाऱ्या तळ्याच्या काठी क्षारांचे पांढरे वलय धरते. गळक्या तळ्यातून पाण्याबरोबर क्षारही निघून जात असल्याने ते एवढे दाट होत नाही. तथापि नव्या सिमेंटमधूनही चुना सुटतो. गिलावा ताजा असेल, तर या खुणेवर न विसंबता बादलीच ठेवावी.