दवा, दुवा आणि मधला माणूस

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मित्रांनो, मानसिक आजाराला आपल्या मोहल्ल्यात किती नावं आहेत ते आधी मोजू. मुलगी खोलीतून बाहेर येत नाही, तर 'नजर लागली'. मुलगा एकटाच बडबडतो, तर 'असर झालाय'. बाळंतीण सारखी रडते, तर 'नखरे'. चांगला कमावता भाऊ दुकानात जायचं बंद करतो, तर 'ईमान कमजोर पडलं'. 'आजार' हा शब्द सगळ्यात शेवटी येतो आणि तोही दार लावून, कारण घरात एखाद्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं. तोवर वर्षं निघून गेलेली असतात.

हे फक्त आपल्यातच होतं असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे दोनशे प्रौढांच्या गल्लीत वीसेक माणसं. आणि उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के. विचार करा, शंभर जणांचे पाय मोडले आणि त्यातल्या ऐंशी जणांना प्लास्टरच मिळालं नाही, तर आपण मोर्चा काढला असता.

मग उपचार का मिळत नाहीत? पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत. देशात लाख माणसांमागे एकही धड येत नाही आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. भोकरदनच्या किंवा रावेरच्या आईने मुलाला घेऊन तिथवर जायचं, तर एका दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि शेजाऱ्यांचे प्रश्न, तिन्हींचा हिशेब करावा लागतो.

पण डॉक्टर वाढेपर्यंत थांबायचं का? यावर आपल्या शेजारच्या गोव्याने एक उत्तर शोधलं आहे. आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे.

गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगत' नावाची संस्था सुरू केली. त्यांच्या लक्षात आलं की प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारे बरेच जण अंगदुखी, थकवा, झोप न येणं, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन येतात. डॉक्टर टॉनिक आणि वेदनाशामक देतात, माणूस पुन्हा पुढच्या महिन्यात येतो. त्या दुखण्याच्या मागे अनेकदा नैराश्य असतं. पण 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं म्हटलं की माणूस उठून जातो. 'टेन्शन' म्हटलं की बोलायला लागतो. आपल्या घरातल्या बायका 'बदन टूटता है, नींद नहीं आती' म्हणतात, तेव्हा त्या हेच सांगत असतात.

संगतने दुसरं काम केलं ते जास्त धाडसाचं. त्यांनी समुपदेशनासाठी पदवीधर मानसशास्त्रज्ञ शोधत बसण्याऐवजी स्थानिक, साध्या शिक्षणाच्या माणसांना तयार केलं. काही आठवड्यांचं प्रशिक्षण, मग अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली काही महिने प्रत्यक्ष काम. या सल्लागारांना सरकारी आरोग्य केंद्रात बसवलं. सौम्य त्रास असेल तर सल्लागार बोलेल, गरज पडली तर केंद्राचे डॉक्टर औषध देतील आणि अवघड असेल तर मानसोपचारतज्ज्ञ पाहतील, अशी पायऱ्यांची रचना केली. 'मानस' नावाच्या या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरकारी केंद्रांत त्याचा स्पष्ट फायदा दिसला.

पुढे त्यांनी नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकींची एक पद्धत बसवली. ती समजून घ्या, कारण ती कुठल्याही मोहल्ल्यात समजेल अशी आहे. उदास माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो. मित्रांकडे जाणं सोडतो, जमातीत नमाजला जाणं सोडतो, आंघोळ टाळतो, फोन उचलत नाही. जितकं सोडतो तितकं आणखी उदास वाटतं. सल्लागार त्याच्याबरोबर बसून ही साखळी उलटी फिरवतो. उद्या सकाळी फक्त कोपऱ्यापर्यंत चालून यायचं. परवा एका मित्राला फोन करायचा. मग उधारीचा प्रश्न घेऊन बसायचं आणि त्याचे तुकडे करायचे. 'हिंमत धर' असा कोरडा उपदेश तिथे नसतो. ठरलेलं छोटं काम, त्याची नोंद आणि पुढच्या बैठकीत 'जमलं का? नाही जमलं तर का?' ही विचारपूस, एवढंच असतं.

याचा फायदा झाला का? गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर हे तपासलं गेलं. तीन महिन्यांनी, या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. केंद्राची नेहमीची सेवा थोडी सुधारून जिथे दिली, त्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. या बैठका घेणाऱ्यांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती.

आता कोणी म्हणेल, मग काय, उद्यापासून आपणही मोहल्ल्यात समुपदेशन सुरू करू. थांबा. गोव्याचे सल्लागार चांगलं काम करू शकले यामागे तीन गोष्टी होत्या आणि त्या सोडल्या तर उरतो तो फक्त गल्लीतला फुकट सल्ला. पहिली, प्रशिक्षण आणि एक ठरलेली पद्धत. दुसरी, देखरेख. ते आपल्या बैठकींचं ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत, एकमेकांचं काम तपासत, चुका दाखवत. तिसरी, पुढचा दरवाजा. आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं की माणसाला डॉक्टरांकडे पोहोचवायचं. आणि या सगळ्याच्या मुळाशी गुपित राखणं. मोहल्ल्यात ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे. सलमाची गोष्ट सायंकाळपर्यंत तीन गल्ल्या फिरून आली, तर पुढची सलमा कधीच तोंड उघडणार नाही.

हेही स्पष्ट सांगतो की प्रत्येक आजार बोलण्याने बरा होत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर औषध लागतंच आणि ते मध्येच बंद करायचं नसतं. 'गोळ्यांची सवय लागेल' असं सांगून औषध बंद करायला लावणारे नातेवाईक हे रुग्णाच्या आयुष्यातलं मोठं संकट असतं. पण औषध चालू असतानाही घरी जाऊन चौकशी करणारा, कुटुंबाला समजावणारा, कामाला लागायला मदत करणारा माणूस लागतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी अशा गृहभेटींचा प्रयोग गोव्याबरोबर आपल्या साताऱ्यातही झाला आहे.

आता दर्ग्याचा प्रश्न. आपल्यातले काही सुधारक म्हणतात, दर्ग्यावर जाणं बंद करा. काही श्रद्धाळू म्हणतात, डॉक्टरला रूहानी गोष्टी कळत नाहीत. या भांडणात रुग्ण मधल्या मध्ये अडकतो.

६ ऑगस्ट २००१ ही तारीख लक्षात ठेवा. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी दर्ग्याच्या परिसरात एक खासगी आश्रम होता. पहाटे तिथे आग लागली. आतले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यांना तिथे आणणारे बहुतेक नातेवाईक दुष्ट नव्हते. थकलेले होते, घाबरलेले होते आणि दुसरा दरवाजा त्यांना कोणी दाखवला नव्हता.

दुसरा दरवाजा कसा दाखवायचा, हे गुजरातमध्ये दिसलं. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात. २००८च्या सुमारास 'अल्ट्रुइस्ट' ही संस्था, राज्य सरकार आणि दर्ग्याचे मुजावर यांनी मिळून 'दवा-दुवा' हा उपक्रम उभा केला. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचा दवाखाना. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. ते दुवा करतात आणि सांगतात, 'आता समोरच्या डॉक्टरसाहेबांनाही भेटून घ्या.' मुजावरांचा मान कमी झाला नाही, डॉक्टरांचं काम अडलं नाही. ज्याच्यावर कुटुंबाचा विश्वास आहे, त्याच्याच तोंडून दवाखान्याचा पत्ता मिळाला. मी ज्याला मधला माणूस म्हणतो तो हा.

आणि हे आपल्या परंपरेला नवं नाही. दहाव्या शतकात अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेलं दुःख आणि कारण न सापडणारं दुःख यांत त्यांनी फरक केला होता. कैरोत १२८४ मध्ये उभ्या राहिलेल्या मन्सूरी रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. हे छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. ज्यांच्या वारशात हे आहे, त्यांनी आज मुलाला साखळी बांधावी, याची लाज वाटावी म्हणून सांगतो.

साखळी आता कायद्यानेही गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९५ प्रमाणे मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला गुन्हेगार म्हणून वागवायचं नाही, त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. 'पोलीस केस होईल' या भीतीने दवाखान्यात न नेलेली मुलं आपण गमावतो. ही माहिती प्रत्येक घरात गेली पाहिजे. शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. दीर्घ आजार असेल तर प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सगळं दुःख आजार नसतं. आडनाव ऐकून घर भाड्याने नाकारलं जातं, मुलाखतीतून परत पाठवलं जातं, रात्री अफवेने गल्ली जागी राहते, याला गोळी नाही. गोव्यातल्या स्त्रियांच्या अभ्यासातही गरिबी आणि घरातला जाच यांचा मनाच्या त्रासाशी संबंध दिसला होता. म्हणून हक्कांची लढाई आणि मनाची काळजी, दोन्ही चालू ठेवायच्या. लढणारा कार्यकर्ता आतून मोडला तर लढाईही मोडते.

नशेबद्दलही तेच. मालेगावात जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती मुळात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी गोळी आहे. आपल्याकडे नशा हराम म्हणून घराबाहेर बोलली जात नाही आणि न बोलल्यामुळे वाढते. हरामचा फतवा त्या पोराला आधीच ठाऊक आहे. त्याला बसून ऐकणारा माणूस ठाऊक नाही. गोव्यात दारूसाठीही अशाच सल्लागारांनी काम केलं आणि त्याचाही उपयोग दिसला.

आता कामाचं बोलतो. इथून गेल्यावर तुम्ही चार गोष्टी करू शकता.

पहिली. १४४१६ हा नंबर आत्ता मोबाइलमध्ये साठवा. ही सरकारची 'टेली-मानस' सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही. मशिदीच्या फलकावर, शाळेत, दवाखान्यात, सलूनमध्ये तो लावा.

दुसरी. तुमच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग कुठल्या दिवशी, किती वाजता चालतो, केस पेपर कुठे मिळतो, औषधं कुठे मिळतात, हे दोघांनी जाऊन पाहून या. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला अर्धी भीती इमारतीचीच असते. सोबत जाणारा एक जण असला की ती निम्मी होते. औषधं नसतील तर अर्ज द्या, माहितीचा अधिकार वापरा. ते तर आपल्याला येतंच.

तिसरी. तुमच्या इमामसाहेबांना, मदरशाच्या उस्तादांना, आशाताईंना एकत्र बसवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना बोलवा. वाद घालायला नको, लक्षणं समजून घ्यायला. जुम्याच्या खुत्ब्याआधी पाच मिनिटं इमामसाहेब बोलले, तर आपल्या शंभर पोस्टपेक्षा जास्त घरांत पोहोचेल.

चौथी. कोणी 'जगून काय करू' म्हणालं तर विषय बदलू नका, 'तौबा कर' म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट ओझं उतरतं. त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, कीटकनाशक दूर करा. १४४१६ लावा, धोका समोर असेल तर ११२ लावा, दवाखान्यात न्या. गुपित राखायचं, पण जीव धोक्यात असेल तेव्हा ज्याची मदत लागेल त्याला सांगायचं.

आणि ज्यांना यात पुढे काम करायचं आहे, त्यांनी रीतसर प्रशिक्षण घ्या. विशेषतः मुलींनी. आपल्या कितीतरी अम्मी, खाला, भाभी पुरुष डॉक्टरसमोर बोलणार नाहीत. त्या तुमच्याशी बोलतील.

गोव्यातल्या त्या सल्लागारांसारखी माणसं आपल्याकडेही आहेत. दहावी-बारावी झालेली, शिवणकाम करणारी, ट्यूशन घेणारी, ज्यांच्या दारात लोक सहज येऊन बसतात. त्यांना शिकवायचं, त्यांच्यावर देखरेख ठेवायची आणि त्यांच्या मागे दवाखाना उभा करायचा, एवढं काम बाकी आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना तुमच्या जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाचा वार आणि वेळ लिहून आणा. तिथून सुरुवात करू.