शिदोरी बांधणारे हात

अन्नदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंगत उभी राहते. परंतु जेथे पंगत बसूच शकत नाही, तेथे अन्न बांधून धाडावे लागते. आणि हे काम वाढण्याहून अवघड होय.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा व कृष्णा ह्या नद्यांना महापूर येऊन कोल्हापूर-सांगलीकडील मुलूख जलमय झाला. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. तेव्हा गावोगावच्या लोकांनी भाकऱ्या व सुक्या चटण्या बांधून पाठविल्या. त्यात मोठा विवेक होता. गरम भात कोंडून बांधला, तर तो लवकर आंबतो. निवलेली भाकरी व शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवशीही खाता येते. नाव केव्हा पोहोचेल, ह्याचा पुरात भरवसा नसतो. आणि भुकेल्यास आंबलेले अन्न देणे म्हणजे त्याच्या विपत्तीत आजाराची भर घालणे.

म्हणून अशा कार्यास जाल, तेव्हा हात स्वच्छ धुवा, भाकरी निवू द्या, पुडक्यावर दिवस व वेळ लिहा. जे पुडके आपल्या मुलाच्या हाती देण्यास मन कचरेल, ते दुसऱ्याकडे धाडू नये. पुडके सुटते तेव्हा आपण तेथे नसतो. म्हणून सारी काळजी ते बांधतानाच घ्यावयाची असते.