पिठल्यातल्या गाठी आणि दीर्घिकांची टक्कर

मी बुलडाणा जिल्ह्याचा, त्यामुळे टक्कर म्हटलं की मला लोणार दिसतं. अशनी आदळला आणि बेसॉल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. आकाशगंगेसारख्या दीर्घिकांची टक्कर मात्र निराळी. तारे इतके विरळ, की एकमेकांजवळून निसटून जातात. धडकतो तो वायू.

‘स्टीफनचं पंचक’ 1877 मध्ये सापडलं. त्यातल्या चार दीर्घिका खरोखर शेजारी. पाचवी आपल्या बरीच जवळ, उगीच रांगेत उभी. एक दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगानं मधल्या वायूत घुसली आणि वायू लाखो अंश तापला. तरी तिथंच हायड्रोजनचे भरपूर रेणू आहेत, असं स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 2006 मध्ये कळलं. इतक्या उष्णतेत रेणू फुटायला हवेत!

संगणकावर नुसते तारे घेतले, तर दीर्घिकांच्या शेपट्या जुळतात. हे कोडं उमटतच नाही. वायूही घेतला, तर धक्क्याची लाट दिसते. पण गणितातला वायूचा एकेक कण कितीतरी सूर्यांएवढा. बारीक ढग त्यात मावत नाहीत. आणि उत्तर बहुधा तिथंच आहे. पिठलं रटरटत असतं, गाठीत मात्र पीठ कोरडंच! तसा हा वायूही एकसारखा नव्हता. दाट गाठींमध्ये धक्का मंदावला, त्या लवकर निवल्या आणि त्यांत रेणू जुळले.