कामगाराचे आरोग्य आणि कारखान्याची नोंदवही

(शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीला कारखान्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु लांजीच्या माणसाला तो दूरचा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा जिल्हा, ज्यात तेव्हा गोंदियाचाही समावेश होता, मुंबई राज्यात गेला. भाषा आणि सोयरीक सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना राहिली, तसाच भूगर्भातील मँगनीजचा पट्टाही राहिला. १८९६ मध्ये या खनिजाच्या शोधासाठी एक सिंडिकेट स्थापन झाले आणि त्यातून पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी उभी राहिली. १९६२ मध्ये केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या भागीदारीने मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी निघाली. १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. भरवेली, उकवा आणि तिरोडी या बालाघाट जिल्ह्यातील तिच्या खाणी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. भरवेलीला खाणीबरोबरच फेरोमँगनीजची भट्टीही आहे.

मँगनीजवाचून पोलाद होत नाही. वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू काढून घेण्यास आणि गंधकामुळे येणारा ठिसूळपणा घालविण्यास तेच लागते. रेल्वेचे रूळ, पूल आणि शेतकऱ्याचा नांगर या सर्वांत त्याचा अंश आहे. तथापि खनिज फोडताना उडणारी धूळ आणि भट्टीतून निघणारा धूर ज्याच्या श्वासात जातो, त्या कामगाराचे काय होते, हा प्रश्न त्या पोलादाइतकाच महत्त्वाचा आहे. येथे कोणत्याही एका कारखान्यावर दोषारोप करावयाचा नाही, केवळ या धातूचा स्वभाव सांगावयाचा आहे.

हा स्वभाव वैद्यकाला १८३७ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी कूपर यांनी ग्लासगो येथील मँगनीज दळणाऱ्या कामगारांच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५५ मध्ये रोदिए यांनी मोरोक्कोतील खाणकामगारांत तोच विकार वर्णिला. श्वासावाटे शरीरात गेलेले मँगनीज मेंदूच्या अंतर्भागात साचते. आरंभी माणूस सुस्त होतो, झोप बिघडते, तो चिडचिडा होतो, कारणावाचून हसतो वा रडतो. घरची माणसे याला स्वभावदोष समजतात आणि गावात दारूचा संशय येतो. पुढे चेहऱ्यावरील भाव लोपतात, बोलणे मंदावते, चाल अडखळते आणि मागे पाऊल टाकताना तोल जातो. कंपवाताशी याचे साम्य असले तरी त्या रोगावरील नेहमीच्या औषधाचा येथे फारसा उपयोग होत नाही. आणखी एक लक्षण ग्रंथालयात सांगण्याजोगे आहे. रोग्याचे हस्ताक्षर हळूहळू बारीक होत जाते. एखाद्या कामगाराच्या पगारपत्रकावरील दहा वर्षांच्या सह्या ओळीने मांडल्या, तर ज्या गोष्टीची तक्रार त्याने कधी केली नाही ती त्या सह्यांत दिसू शकते; मात्र ती पत्रके जपलेली हवीत.

कळीचा मुद्दा हाच आहे. धुळीपासून होणारे रोग अपघातासारखे एका दिवशी घडत नाहीत. श्वास आज घेतला जातो आणि दुखणे कैक वर्षांनी उमटते. मधल्या काळात ठेकेदार बदललेला असतो, कारखान्याचे नाव बदललेले असते आणि कामगार गावी परतलेला असतो. अशा वेळी त्याने कोठे, किती वर्षे आणि कोणत्या धुळीत काम केले, याचा कागद नसेल तर रोग असूनही त्याचे कारण कोणाला सिद्ध करता येत नाही.

मध्य प्रदेशाने हे दोनदा अनुभवले आहे. मंदसौर भागात पाटीवर लिहावयाच्या पेन्सिली तयार होत. त्या कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. ज्या पेन्सिलीने मुलांनी मुळाक्षरे गिरवली, तिची ही किंमत होती. दुसरा प्रसंग अलीराजपूर आणि झाबुआ भागातील आदिवासी मजुरांचा. गुजरातमध्ये गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत ते कामाला गेले आणि खोकत घरी परतले. बहुतेकांजवळ तेथे काम केल्याचा पुरावा नव्हता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये भरपाईची शिफारस केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. न्याय झाला, परंतु तो मिळाला मृतांच्या घरी.

नोंदीचे हे महत्त्व न्यायालयाने त्यापूर्वीच ओळखले होते. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेश दिला. तो आदेश ॲस्बेस्टॉस उद्योगापुरता होता, पण त्यामागील तत्त्व सावकाश येणाऱ्या प्रत्येक रोगाला लागू पडते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत मँगनीजची विषबाधा सरकारला कळविणे आवश्यक असलेल्या रोगांत होती. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्याच कायद्यात धोक्याची माहिती कामगारांना देण्याची तरतूद घालण्यात आली. २०२० च्या संहितेने या कायद्यांचे एकत्रीकरण केले असून तिच्या यादीतही मँगनीज आहे.

मर्यादांचे आकडेही विचार करायला लावणारे आहेत. १९४८ च्या कायद्याच्या परिशिष्टात मँगनीजच्या धुरासाठी दर घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम ही मर्यादा होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी ०.०२ मिलिग्रॅमची शिफारस केली. ज्ञान वाढले तशी निर्धोक मानलेली पातळी खाली आली. म्हणून केवळ कायद्याची रेषा ओलांडली नाही एवढ्यावर जबाबदार कारखान्याने समाधान मानू नये.

ही जबाबदारी फाटकाशीही थांबत नाही. इटलीतील वाल कामोनिका या खोऱ्यात फेरोमँगनीजच्या कारखान्यांच्या आसपासच्या वस्तीत कंपवातासारख्या विकाराचे प्रमाण अधिक असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ते रहिवासी सारेच भट्टीवर काम करणारे नव्हते. धूळ वाऱ्याबरोबर अंगणात येते आणि कामगाराच्या कपड्यांतून त्याच्या मुलांपर्यंत पोहोचते. धातुमळीच्या ढिगावरून वाहणारे पावसाचे पाणी नाल्याला मिळते, आणि या जिल्ह्यातील अनेक नाल्यांची अखेर वाघनदीत व वैनगंगेत होते. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत असावे, असे भारतीय मानक सांगते.

उपाय अवघड नाहीत, मात्र त्यांचा क्रम पाळावा लागतो. खनिज ओले ठेवून फोडावे, धूळ उडते तेथेच तिला झाकावे आणि भट्टीच्या तोंडाशी धूर ओढून गाळावा. तोंडावरची पट्टी हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. कामगाराला पाळी संपताच अंघोळीची आणि कपडे बदलण्याची सोय मिळावी, ढिगांचे पाणी टाक्यांत निवळू द्यावे आणि कंत्राटी मजुराची तपासणी कायम कामगाराइतकीच नियमाने व्हावी. तपासणीचा निष्कर्ष त्याला समजेल अशा भाषेत, त्याच्या हाती द्यावा.

अखेरची गोष्ट या ग्रंथालयाच्या कक्षेत येणारी आहे. शंभर वर्षे दाखलनोंद ठेवणाऱ्या, वाळवीपासून पाने वाचविणाऱ्या संस्थेला जतन म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. खाण आणि भट्टीसंबंधीचे कायदे, सार्वजनिक सुनावणीचे अहवाल आणि हवा-पाण्याच्या प्रसिद्ध तपासण्या यांचे एक कपाट येथे व्हावे आणि त्यांचा सार मराठीत व हिंदीत मिळावा. आरोग्याची खासगी कागदपत्रे मात्र कामगाराच्या घरीच राहावीत. ती कशी मागावीत आणि कशी जपावीत एवढे त्याला येथे कळले तरी पुरे. बाहेरगावी कामाला निघालेल्या तरुणाने जाण्यापूर्वी येथे येऊन, कोणत्या कागदाची प्रत जवळ ठेवावी हे विचारावे आणि त्याला उत्तर मिळावे, असे घडले तर या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ चांगला झाला असे म्हणता येईल.